वारुळाची माती आणि छप्पन्न साल

वर्षालीनं फोन रेकॉर्डिंगला लावला आणि श्वासाचाही आवाज नको म्हणून तोंड घट्ट मिटून घेतलं. तिथंच सगळं फिसकटलं. सेमाडोहचे मौजीलालबाबा बेठेकर कोरकू आदिवासींची माणूस घडल्याची कथा सांगत होते. महादेवानं वारुळाची लाल माती आणवली, इथवर आले आणि गप्पच झाले.

“काहून थांबले, बाबा?”

“तू हूं म्हनत नाही. हूं नाही तं कथा कोनाले सांगू? या झाडाले?”

ती ओशाळली. बाजेवर बसलेले तिचे बाबा, देवमनगुरुजी, गालातल्या गालात हसले. उमेदीची वर्षं त्यांनी इथल्याच शाळेत शिकवलं होतं. त्यांच्या शब्दाखातरच म्हातारा बोलायला बसला होता. पण गुरुजी स्वतः अकोल्याहून आले ते कपाळाला आठ्या घालूनच. अमरावतीला शिकणारी आपली पोर सृष्टीच्या कथांवर प्रबंध लिहिणार, हे त्यांना खुपत होतं.

“अशाच एका कथेत कोनी तोंडातून निघालं, कोनी पायातून,” वाटेत ते म्हणाले होते. “आपन तं पायातही नोतो. अन् तू त्याचा अभ्यास करून राहिली?”

बाबांचं मन दुखावून एक ओळही लिहायची नाही, एवढं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आता ती हूं म्हणू लागली आणि कथा चालू लागली. महादेवानं मातीचा बाप्या केला, बाई केली. इंद्राचे घोडे आले, त्यांनी दोघांना तुडवलं. महादेवानं मग मातीचेच कुत्रे केले आणि त्यांनी घोडे पिटाळले. तेव्हा कुठं पुन्हा घडवलेल्या मातीत जीव आला. म्हाताऱ्याच्या पायाशी तीच लाल माती होती.

“आता तुमची सांगा, गुरुजी,” मौजीलालबाबा म्हणाले. “कथा घेतली तं द्या लागते.”

“आमाले नाही कथा. आमी पुराव्याचे मानसं.”

“मंग तुमी मानूस झाले कसे?”

गुरुजी चांगलेच चिडले. उठायला म्हणून त्यांनी बाजेची कड धरली, पण उठले नाहीत.

“आमी छप्पन साली झालो,” ते एकदम म्हणाले. “नागपूरले.”

“हूं.”

“पांढरे कपडे. नजर जाईल तिथवर पांढरं. मी माह्या बापाच्या खांद्यावर होतो.”

“हूं.”

“बापाची मान मले सदा खालीच दिसे. त्या दिवशी सारे शपथ घेऊन राहिले होते. बापानं आवाज लावला. असा आवाज म्या त्याचा कधी ऐकला नोता. अन् माह्या मांड्यांमंधी त्याची मान वर आली. हळूहळू. मले वाटलं, मी बी उंच होऊन राहिलो.”

मौजीलालबाबा हूं म्हणायला विसरले. वर्षालीच्या तोंडून मात्र तो हुंकार आला, आणि आल्यावर तिला भान आलं. बाबांचा जन्म अठ्ठावन्नचा. शाळेतल्या मुलांकडून प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारा हा माणूस, आणि त्याचे हात अजून हवेत होते, कुणाचं तरी डोकं धरल्यासारखे. तिला रडू फुटलं. एवढं खरं तिनं आजवर काही ऐकलं नव्हतं.

मग गुरुजींच्याच ध्यानात आलं. हात खाली आले.

“पन मी तं तवा जन्मलोच नोतो,” ते पुटपुटले. “बापानं सांगतलं मले. कितींदा सांगतलं.”

“मी तरी कुठं होतो वारुळापाशी?” मौजीलालबाबा म्हणाले.

गुरुजींनी त्या लाल मातीकडे पाहिलं. मग पोरीकडे वळले.

“लिहिजो,” म्हणाले. “पन पहिले माहा बाप लिहिजो.”