खाडीत चाललेली गाडी

विचुंब्याच्या नव्या इमारतीखालून गाडी निघाली तेव्हा रस्ता चांगला कोरडा होता, पण गाडीतल्या नकाशावर मात्र ती भर खाडीत चालली होती. न्हावा शेव्याच्या बाजूला निळ्या पाण्यात एक छोटा बाण हेलकावे खात होता. तो बाण म्हणजे आपण, हे कमळाकरांना गेल्या दोन महिन्यांत पाठ झालं होतं.

“बाबा, जहाज काय म्हणतंय?” मागच्या सीटवरून विनिताने विचारलं.

“चाललंय की,” कमळाकर म्हणाले.

“चाललंय कसलं, तरंगतंय,” शेजारी बसलेल्या सुमतीबाई म्हणाल्या. “अहो, अजून वेळ गेलेली नाही. भगवानरावांना फोन करा, ते ड्रायव्हर पाठवतील.”

हा फोन मात्र कमळाकरांना करायचा नव्हता. शैलेशच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, मुलीचं आज बारसं होतं. बाळंतीण माहेरी होती आणि माहेर म्हणजे व्याही भगवानरावांचं नेऱ्याच्या पुढचं, डोंगराखालचं फार्महाऊस. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि ती आत्या विनिता, काल रात्री नाशिकहून आलेली. “आत्याबाईंना आणायला गाडी पाठवतो,” असं भगवानराव आपणहून म्हणाले होते. त्यावर आयुष्यात प्रथमच कमळाकर कुणाचं बोलणं तोडून बोलले होते, “नको. मी आणतो तिला.” बोलून गेल्यावर त्यांनाच घाम फुटला होता. रात्रभर विचार करून त्यांनी मनाशी ठरवलं, आज हे जमलं नाही तर किल्ली शैलेशच्या हातात द्यायची आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

गाडी घेतली तीच मुळी त्या नकाशासाठी. मुंबईतली नोकरी संपवून ते इकडे राहायला आले, साठीनंतर गाडी शिकले आणि मग एक अडचण उभी राहिली. कमळाकरांना रस्ता विचारता येत नसे. अनोळखी माणसासमोर उभं राहिलं की शब्द घशात अडकत. तरुणपणी एका लग्नाचा हॉल सापडेना, तर कुणाला न विचारता तासभर फिरून ते घरी परतले होते आणि आहेर पोस्टाने पाठवला होता. म्हणून, गाडीतच बसवलेली, हिंदीत गोड आवाजात रस्ता सांगणारी बाई शोरूममध्ये ऐकली तेव्हा त्यांना वाटलं, ही आपल्यासाठीच केलेली दिसते.

पण बाई घरी आल्यापासून बहकली. सर्व्हिस सेंटरला तीनदा नेली. तिथे शहाण्यासारखी वागायची, सेंटरचा पत्तासुद्धा बरोबर सांगायची. फाटकाबाहेर पडलं की खाडी. शेवटच्या खेपेला काउंटरवरची मुलगी मऊपणे म्हणाली होती, “अंकल, तुमच्याकडून काही दुसरंच बटण दाबलं जात असेल.” कमळाकरांना ते लगेच पटलं. आपल्याकडून दाबलं जातच असणार.

नेरे गावापर्यंत अडचण आली नाही. पुढे मात्र फाटे फुटू लागले. सगळे सारखेच. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं, मध्येच एखाद्या फार्महाऊसची भिंत, पाटी कुठेच नाही, विनिताच्या फोनला नेटही नाही. भगवानरावांनी फोनवर सांगितलेली ‘मोठ्या आंब्याची’ खूण अगदीच कुचकामी निघाली, कारण प्रत्येक वळणावर मोठा आंबा होता.

“बाएँ मुड़ें,” बाई म्हणाली. डावीकडे विहीर होती.

“हिचं ऐकलंत तर बारसं राहील बाजूला,” सुमतीबाई म्हणाल्या. “समोर तो गुराखी येतोय, त्याला विचारा ना.”

कमळाकरांनी काच खाली केली. तोंड उघडलं, घसा खाकरला. “ऊन फार आहे, नाही?” ते म्हणाले.

“हाय की,” म्हणून गुराखी निघून गेला.

विनिता तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. कमळाकर कानापर्यंत लाल झाले. गाडी पुढे काढताना त्यांना गतिरोधक दिसलाच नाही. धाडकन गाडी उडाली आणि डॅशबोर्डवरचा पितळी गणपती, खालच्या ताम्हणासकट, सुमतीबाईंच्या मांडीवर आला.

“अगंबाई!” त्यांनी मूर्ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली. गाडी आली त्या दिवशी पूजा करून त्यांनीच ती बसवली होती, बरोबर मधोमध. फुलाचं पाणी आणि कुंकू सांडून डॅशबोर्ड खराब होऊ नये म्हणून खाली त्यांच्या आईचं तांब्याचं ताम्हण, चिकटपट्टीने पक्कं केलेलं. “लागलं नाही ना हो बाप्पाला? जरा थांबवा गाडी.”

गाडी थांबली. सुमतीबाई पदराने मूर्ती पुसत होत्या. तेवढ्यात पडद्यावरचा बाण थरथरला आणि एका उडीत खाडीतून नेऱ्याच्या पुढे, नेमका या फाट्यावर येऊन बसला.

“दो सौ मीटर बाद दाएँ मुड़ें,” बाई म्हणाली.

कमळाकर उजवीकडे वळले. रस्ता खरोखरच होता. इकडे सुमतीबाईंनी ताम्हण जागेवर दाबून बसवलं, त्यावर बाप्पाला ठेवलं आणि नमस्कार केला. थोडं अंतर गेल्यावर पडद्यावरची गाडी रस्ता सोडून शेतात शिरली आणि शेतातून निवांतपणे डोंगर चढू लागली.

कमळाकरांनी ब्रेक दाबला. पडद्याकडे पाहिलं, मग ताम्हणाकडे. बाईला तिचे निरोप आकाशातून येतात. ते घेणारा तिचा कान असणार तो इथे, डॅशबोर्डच्या आत. आणि आपण त्यावर तांब्याचं झाकण ठेवलंय. सेंटरमधली माणसं डॅशबोर्ड पुसायला ते उचलत असणार, नकाशा तपासत असणार आणि गाडी परत देताना बाप्पाला अदबीने जागेवर ठेवत असणार.

लगेच दुसरा विचार आला. आपलं चुकत असेल. आणि समजा बरोबर असलं, तरी हे सुमतीला सांगायचं कोणी?

“का थांबलात?”

“सुमती, मला एक वाटतंय. म्हणजे खात्री नाही. मला यातलं फारसं कळतही नाही. तुला वाईट वाटेल, पण तसा उद्देश नाही...”

“अहो, बारसं आहे आज. तिच्या लग्नापर्यंत तरी बोलून होईल का?”

“तुझा गणपती मध्ये येतोय,” कमळाकर म्हणाले आणि पुढचं सगळं एका दमात सांगून टाकलं.

सुमतीबाईंचे डोळे बारीक झाले. “म्हणजे त्या सेंटरवाल्यांनी तीन वेळा माझा गणपती उचलला? न विचारता?”

“पुसायला उचलत असतील.”

“पूजा करून बसवलेला देव! असा उठवतात का?” रागाचा रोख भलतीकडेच वळल्याचं पाहून कमळाकरांनी हळूच श्वास सोडला. “मग आता उठवायचा कसा, ते सांग,” ते म्हणाले.

“अक्षता वाहून. रीतसर. विनू, ओटीच्या पिशवीतले चिमूटभर तांदूळ काढ. आणि कुंकवाचा करंडा.”

बाळंतिणीच्या ओटीच्या तांदळांच्या अक्षता झाल्या. रस्त्याच्या कडेला, आंब्याच्या सावलीत, सुमतीबाईंनी त्या वाहिल्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवली आणि डोळे मिटून म्हणाल्या, “पुनरागमनाय च.”

“आई, पुनरागमन नको म्हणूस,” विनिता ओरडली, “तो पुन्हा तिथेच येऊन बसेल!”

सुमतीबाईंना इतकं हसू आलं की ताम्हण हातातून निसटता निसटता राहिलं. बाप्पा ताम्हणासकट विनिताच्या मांडीवर गेला. तिघंही पडद्याकडे बघत बसली. काहीच होईना. कमळाकरांनी खिशातला फोन चाचपला. चुकलंच आपलं. उगाच देवाला उठवलं. आता फोन करावा...

बाण डोंगरावरून टुणकन खाली उतरला.

“सीधे चलें,” बाई म्हणाली.

“चला की मग,” सुमतीबाई म्हणाल्या. “बाई सांगतेय ना!”

फार्महाऊसच्या फाटकात भगवानराव घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. पाळणा झेंडूने सजला होता, बायका जमल्या होत्या. त्यांनी विनिताला हात धरून आत नेलं. बाळाच्या कानाशी वाकून तिने नाव सांगितलं, “इरा,” आणि बाळाने मोठी जांभई दिली. सगळे हसले.

“रस्ता सापडला म्हणायचा, व्याहीबुवा!” भगवानराव म्हणाले.

“ह्यांनी शोधून काढला,” सुमतीबाई म्हणाल्या. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही.

पंगतीची तयारी सुरू झाली तेवढ्यात भगवानरावांचा फोन वाजला. त्यांची बहीण सत्यवती पनवेल स्टँडवर उतरली होती आणि ड्रायव्हर बर्फ आणायला गेलेला. भगवानराव इकडे तिकडे बघू लागले.

“मी आणतो त्यांना,” कमळाकर म्हणाले.

या वेळी घाम फुटला नाही. “गरम जिलब्या आहेत, लवकर या,” एवढंच सुमतीबाई म्हणाल्या.

कमळाकर एकटेच गाडीत बसले. फाटकापाशी आले आणि बाईने काही सांगायच्या आतच त्यांनी नेऱ्याच्या दिशेने, उजवीकडे वळायचा दिवा लावला.