खालच्या पट्टीतली शालन

मंगळवारी सकाळी दहा वाजता माझी धाकटी बहीण शालन इंदूरला आपल्या वेताच्या खुर्चीत बसली, आणि मी तिला संगणकाच्या खालच्या पट्टीत ठेवल्यामुळे शुक्रवारपर्यंत तिला उठता आलं नाही.

चूक माझीच. गडहिंग्लजला वाचनालयाच्या माडीवर बिडकर बाई आम्हा साठीपुढच्यांना संगणक शिकवतात. बँकेतून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी फळ्यावर चौकट काढून दाखवली होती. कोपऱ्यातली आडवी रेघ दाबली की चौकट बारीक होऊन खालच्या पट्टीत जाऊन बसते. फुली दाबली की बंद होते. आणि व्हिडिओ कॉल संपवायला लाल बटण.

"लाल दाबायला विसरायचं नाही," बाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर पलीकडचा माणूस तसाच राहतो."

मी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण मंगळवारी शालन ऐन रंगात आली होती. आम्ही दोघी कीर्तनवेड्या. वडिलांच्या शेजारी जाजमावर बसून ऐकायची सवय लागली ती सुटलीच नाही. आरती झाल्याशिवाय उठायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. मग भूक लागो की झोप येवो. शालन मला तिकडच्या राममंदिरात ऐकलेलं आख्यान सांगत होती. एक आंधळी कुंभारीण, दारावर थाप पडते, ती चाचपडत जाऊन कडी काढते.

"आणि अक्का, दारात उभा होता तो..."

तेवढ्यात माझं दूध उतू गेलं.

आख्यान अर्धं असताना लाल बटण दाबायचं म्हणजे भर कीर्तनातून उठून जाणं. फुली तर त्याहून वाईट. सख्ख्या बहिणीच्या तोंडावर कुणी फुली मारतं का? मी आडवी रेघ दाबली. शालन बारीक होऊन पट्टीत गेली. मी दूध उतरवलं, ओटा पुसला. मग जप, जेवण, वामकुक्षी, यात ती राहूनच गेली.

बुधवारी तिला वर काढली तर ती तशीच बसलेली.

"अक्का, माझा चहा कालचा आहे गं."

"मग नवा कर की."

"उठता येत नाही. आणि कप चौकटीच्या बाहेर आहे. तिकडे हात जात नाही."

"बरं, पुढचं सांग. दारात कोण होतं?"

"तेच आठवत नाहीये. बुवा चौकटीच्या बाहेर राहिले."

तिच्या मागून तिचा मुलगा श्रीरंग डोकावला. हा संगणक त्यानेच मला पाठवला होता.

"मावशी, आम्ही तिघांनी मिळून ओढलं. आई हलत नाही. आणि कडेनं बघितलं तर पापडासारखी दिसते. तू तिकडून सोड तिला."

"सोडते रे. तेवढं आख्यान..."

"आख्यान गेलं खड्ड्यात!"

"असं बोलू नये," शालन शांतपणे म्हणाली. "रविवारी बुवांच्या पाया पडलास ना?"

गुरुवारी शिकवणी होती. मी बाईंना सगळं सांगितलं.

"जतन केलं होतंत का?" बाईंनी विचारलं.

"बहिणीला?"

"कुणालाही. जतन न करता फुली मारली की चौकटीत जेवढं असेल तेवढं जातं. लाल बटणाचंही आता तेच. दोन दिवस झाले म्हणता, म्हणजे त्या बहुतेक पूर्णपणे आत आल्या असणार."

"आमच्या मंडळींना ठेवता येईल का हो पट्टीत?" मागच्या बाकावरून देसाई गुरुजींनी विचारलं. कुणी हसलं नाही.

"तुमच्यात उठायची काय पद्धत आहे?" बाई मला म्हणाल्या.

"आरती."

"मग ती करा. आणि लवकर करा. पट्टी अडकून राहिली की घरातलंही तसंच खाली जायला लागतं."

घरी आले तर स्वयंपाकघराचं दार जागेवर नव्हतं. भिंतीच्या बुडाशी, फरशीला लागून, काड्यापेटीएवढं एक चौकोनी चित्र होतं. त्यात ओटा होता, पाण्याचं पिंप होतं. अंगठ्यानं दाबलं की दार उभं राहत होतं. मी पाणी पिऊन बाहेर आले. दिवेलागणीला खिडकीही तिथंच गेली, मग न्हाणीघर. शुक्रवारी सकाळी रस्त्याकडचं दार त्यांच्या शेजारी जाऊन बसलं. मी वाकून ते दाबलं. ते थरथरलं, पण उघडलं नाही. मला एक खोली उरली. तीत टेबल, संगणक आणि देवांचं फडताळ.

शालनला वर काढली. तिच्या गालावर वेताची वीण उमटली होती.

"अक्का, मला खांद्याच्या खाली काही आहे का गं?"

"आहे. असणार."

"श्रीरंग सांगत नाही. नुसता रडतो."

मी निरांजन लावलं. आयुष्यात कधी अर्ध्या आख्यानावर आरती केली नव्हती.

"चालेल का गं, शालन?"

"कर. कोण बघतंय?"

मी ताट घेऊन उभी राहिले. डाव्या हाताने घंटा वाजवली आणि आरती म्हणायला लागले. दुसऱ्या कडव्याला शालनचे हात वर आले. ती टाळ्या वाजवत होती. शेवटच्या कडव्याला तिने खुर्चीचे हात धरले. वेत करकरला. आधी तिचे खांदे वर गेले, मग कंबर दिसली, मग जांभळ्या लुगड्याच्या निऱ्या. तिला गुडघे होते.

"उठली! मावशी, आई उठली!" श्रीरंग ओरडला.

माझे डोळे भरून आले. शालनने पदर सारखा केला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी अजून उभी होते.  मग ती खुर्ची बाजूला सारून फरशीवर मांडी घालून बसली.

"शालन, ऊठ."

"तू उभी आहेस ना," ती म्हणाली. "उभं राहिलेल्याने सांगायचं. आख्यान अर्धं आहे."

श्रीरंगने डोळे पुसले आणि तो तिच्या शेजारी बसला. त्याची बायको ओले हात पुसत आली आणि बसली. त्यांच्यामागे आणखी कुणी कुणी येत होतं, चपला काढून, एकमेकांना सरकून जागा देत. पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मी मलाच दिसते. तिथं मीही मांडी घालून बसले होते आणि वर बघत होते.

मी खाली बसायला गेले. गुडघे वाकले नाहीत.

"मला पुढचं माहीत नाही गं, शालन."

"घाई नाही," शालन म्हणाली. "सगळे बसलेत." तिने मांडीवर हलका ठेका धरला. छोट्या चौकटीतल्या मीही धरला.

या घरात मी एकटीच राहते. मागून कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला, आख्यानाआधी बुवांना घालतात तसा. तो ओला होता. मग त्याने मानेमागे दोऱ्याची गाठ मारायला घेतली.