गुरुवारची रजा

अवधूत दर गुरुवारी रजा का घेतो, याचं त्याच्या मॅनेजर वीणाताईंना भारी कुतूहल. लंडनमधल्या हाउन्सलोच्या त्या गोदामाच्या ऑफिसात मालाच्या नोंदी तोच सांभाळायचा. त्याचा व्हिसा तात्पुरता, स्वतःचा धंदा उभारण्यासाठीचा. जोडीला नोकरीची मुभा. पण धंदा कसला, हे पठ्ठ्या सांगेल तर शपथ!

एका गुरुवारी वीणाताईंनी ईमेल करून नोंदींचं नवं सॉफ्टवेअर दाखवायला एका छोट्या कंपनीला बोलावलं. दार उघडलं, तर कडक इस्त्रीच्या कोटात अवधूत उभा!

“अरे, तू रजेवर आहेस ना?”

“हो, म्हणून तर आलो. बोला ताई, सध्या नोंदींत काय अडचणी येतात?”

वीणाताई हसू दाबत म्हणाल्या, “ते आमच्या अवधूतला ठाऊक. तो उद्या येईल.”