डागवालीने पाहिलेलं कॉलेज

"पोरगी दिवेलागणीला घरात हवी," आजी म्हणाली.

"अगदी बरोबर," टेबलापलीकडचा साहेब म्हणाला.

"आणि ते खड्ड्याबिड्ड्यात उतरणं नको."

"अगदी बरोबर, आजी. आमच्याकडे सगळं पडद्यावर दाखवतात. हात मळायचं कामच नाही."

आजीने नातीकडे पाहिलं. ऐकलंस ना, अशी ती नजर. नात काचेतून बाहेर बघत होती. जमिनीखालची जुनी घरं, भांडी, चुली उकरून माणसं कशी जगली ते शोधायचं, म्हणजे पुरातत्त्व शिकायचं, हे दोन वर्षांपासून तिच्या डोक्यात बसलं होतं. तिला कुणी हात न मळण्याचं आश्वासन देणं म्हणजे पोहायला शिकायला आलेल्याला कोरडं ठेवण्याचं देणं.

कॉलेज घरापासून तीन स्टॉपवर. फी पोरीच्या बापाच्या आवाक्याबाहेरची होती, पण आजीचा हा मुलगा जन्माचा मुखदुर्बळ. तेव्हा आजीनेच परस्पर ठरवून टाकलं: घरच्या लाँड्रीतलं कपडे धुण्याचं मोठं मशीन विकायचं. मशीन येण्याआधी लोक काय नागडे फिरत होते?

बाहेर आल्यावर नात म्हणाली, "आजी, तो एकदाही नाही म्हणाला नाही."

"मग बिघडलं काय? तुझे आजोबा तरी कधी म्हणाले?"

"तिकडच्या सरकारी कॉलेजात याच्या चौथ्या हिश्शाइतकीही फी नाही. दर हिवाळ्यात खोदायला नेतात. शिकवणाऱ्या बाई स्वतः खड्ड्यात उतरतात. एकदा बघ तरी."

तिकडे म्हणजे बसमध्ये आख्खा दिवस मोडेल इतकं लांब, आणि पोरीने राहायचं वसतिगृहात. लहानपणापासून ती शाळेतून थेट लाँड्रीत यायची. इस्त्रीच्या टेबलाखाली अभ्यास, टेबलावर गप्पा. ती गेली तर संध्याकाळी बोलायचं कुणाशी? मुलाशी? तो हुंकारसुद्धा उधार दिल्यासारखा देतो.

आजी बघायला तयार झाली, ती खोट काढायलाच.

खोट काढायला कष्ट पडले नाहीत. भिंतींचा रंग उडालेला, जिन्याचा कठडा हलता, फाटकावरचा रखवालदार पेंगत होता. "याला उकरून काढलाय की काय?" आजीने विचारलं. नात हसली नाही. तिचा जीव मुठीत होता.

मागच्या अंगणात पाण्याच्या टबांभोवती मुलं-मुली बसली होती. दात घासायच्या ब्रशने खापरं, म्हणजे फुटक्या मडक्यांचे तुकडे, धूत होती. नात त्यांच्यातल्या एकीशी बोलायला लागली आणि आजी एकटी पडली. तिच्या शेजारच्या बाकावर एक ट्रे होता, त्यात वेगळी काढून ठेवलेली खापरं. वर कसलीशी पाटी होती. आजीला अक्षरं जुळवून वाचता येत असे, पण पाट्या आपल्यासाठी नसतात अशी तिची जुनी समजूत होती. लाँड्रीत पाट्या लावायची तीच.

एका तुकड्याच्या आतल्या अंगाला काळाकुट्ट डाग होता.

आता हे आजीला दाखवायला नको होतं. शाई असो, गंज असो, इंजिनचं तेल असो, लांबलांबचे लोक कपडा घेऊन तिच्याकडे येत आणि पाठीमागे तिला डागवाली म्हणत. ते तिला ठाऊक होतं, आवडतही होतं. तिने तुकडा उचलला. रुमालाचं टोक थुंकीने ओलं केलं आणि अंगठा लावून घासायला घेतलं. काळं सुटलं. खालची तांबूस माती दिसेपर्यंत ती थांबली नाही.

"हे तुम्ही घासलंत?"

कोपरापर्यंत धूळ माखलेली, तिच्या मुलाच्या वयाची बाई मागे उभी होती. याच त्या शिकवणाऱ्या बाई.

"घासलं. बघा कसं निघालं ते."

बाईंनी तुकडा हातात घेतला आणि उन्हात धरला. "आजी, तो मळ नव्हता. त्या घरात जे शिजायचं ते करपून बसलं होतं. काय खायचे, ते त्यावरून कळणार होतं."

"मग आता?"

"या तुकड्यावरून नाही कळणार."

टबांभोवतीचे ब्रश थांबले. नात धावत आली. एवढ्या वेळात कुणीतरी 'असू द्या आजी' म्हणायला हवं होतं. जन्मभर म्हणत आले होते. बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी एक चिठ्ठी काढली.

"कशाने घासलंत? साबण, सोडा?"

"थुंकी," आजी खाली बघत म्हणाली. "आणि रुमाल."

बाईंनी तसंच लिहिलं. एक मुलगी फिसकन हसली, बाईंनी नुसतं पाहिलं तशी गप्प झाली. "लिहून नाही ठेवलं तर उद्या कुणीतरी या तुकड्यावरून भलतंच काहीतरी सांगत बसेल."

"माझ्या नातीने केलं असतं तर?"

"तरी हेच लिहिलं असतं. मग पुढचा ट्रे तिच्यासमोर ठेवला असता, पाटी वाचून घेऊन."

आजीने रुमालाची घडी घातली. काळा भाग आत गेला. पुन्हा उलगडून तिने तो बाईंपुढे धरला. "यात आलंय थोडं. चालेल?"

"नाही," बाई म्हणाल्या, पण या वेळी त्यांच्या डोळ्यांत हसू होतं. "थुंकीत तुमचंही जेवण आहे ना."

आजीने दोघींकडे पाहिलं, बाईंकडे आणि नातीकडे. नात रडायच्या बेताला आली होती.

"मेलेल्यासारखी उभी काय राहिलीस? प्रवेशाचं विचारून ये."

"आजी, खरंच?"

"माझं मशीन वाचतंय. दुसरं काही मनात आणू नकोस."

नात ऑफिसकडे पळाली, तशी आजी त्याच इमारतीतल्या वसतिगृहाच्या गच्चीवर गेली. जिना चढताना कठड्याला हात लावला नाही. वर कपडे वाळत घालायची दोरी मध्येच पोट सोडून लोंबत होती. असल्या दोरीवर कपडे वाळत नाहीत, एकमेकांच्या गळ्यात पडतात. आजीने तिचं एक टोक सोडलं, भिंतीला पाय लावून ओढलं आणि ओल्या चादरींच्या भारानेही सुटत नाही अशी गाठ मारली. बोटाने टिचकी मारून पाहिली. दोरी ताठ झाली होती. अजून तिच्यावर कुणाचंच काही नव्हतं.

तिच्याखाली उभी राहून आजी बघत राहिली, ऊन कुठून येतं आणि किती वेळ टिकतं ते.