दूध लावून आलेली बाई

"चारी रस्ते तुझे," बाईसाहेब म्हणाल्या. "हवा तो धर."

एवढं बोलायलाही त्यांना धाप लागली. गड्यांनी त्यांना खाटेसकट उचलून चव्हाट्यावर आणलं होतं. अंगावर लोकरीची पांघरुणं आणि हात बाहेर. पाद्री विस्तान बाजूला उभा होता आणि प्रत्येक वाक्याला आमेन म्हणत होता. शेतावरून परतणारे नांगरे, म्हणजे नांगर हाकणारे शेतकरी, बैल थांबवून बघत होते. आमच्याकडे गुलाम सोडायचा तो असाच सोडतात. चव्हाट्यावर उभं करायचं, चार माणसांदेखत रस्ते दाखवायचे आणि बाजूला व्हायचं. पुढे कुणी नाकारलं तर ती चार माणसं कामाला येतात. येतात असं म्हणतात.

सेगिथने चारी बाजूंना पाहिलं. एक रस्ता सेव्हर्न नदीकडे उतरतो, एक रानात शिरतो, एक बाजाराच्या तटबंदीकडे जातो. चौथा वाड्याकडे. ती त्यावरूनच आली होती. तिने ओच्याला हात पुसले.

"बाईसाहेब, मी चीजसाठी दूध लावून आलेय," ती म्हणाली. "ते बघते आधी."

आणि चौथ्या रस्त्याने परत गेली.

लोक हसले. खाटेवरच्या बाईसाहेबही हसल्या. हुन्ना नांगरे मोठ्याने म्हणाला, "जन्मात एकदा दार उघडलं, तर कोंबडी परत खुराड्यात." त्यावर आणखी हसू झालं. तेव्हा कुणाला ठाऊक होतं की या हसण्याचीसुद्धा साक्ष काढली जाईल?

सेगिथ जन्मली तीच गुलाम. एका वाईट वर्षी, माणसं झाडाची साल उकडून खात होती तेव्हा, तिचा बाप वाड्यावर गेला, गुडघे टेकले आणि आपलं डोकं मालकाच्या दोन हातांत दिलं. म्हणजे भाकरी द्या, माणूस घ्या. त्याला भाकरी मिळाली. पोर त्यानंतर झाली, म्हणून तीही वाड्याची. पोटात असताना तिने कुणाची भाकरी खाल्ली होती, हे कुठल्याही शहाण्याने मला अजून सांगितलेलं नाही.

तिला मेंढ्यांच्या दुधाचं चीज करायला लावलं, आणि ते तिने असं केलं की दरवर्षी राजाचा शिधा घ्यायला येणारा कारभारी बाकी सगळं मोजून घ्यायचा, पण चीज आधी चाखायचा. राजा हिंडत असतो. जिथे मुक्काम, तिथे त्याचं आणि त्याच्या माणसांचं पोट आमच्या गावांनी भरायचं. त्या शिध्यात आमच्या वाड्याचं नाव होतं ते फक्त या चीजमुळे. वाड्यावर हिवाळ्यात वीणेवाला यायचा आणि मालकाच्या खापरपणज्याने अजगर मारल्याचं गाणं गायचा. तो अजगर कुणी पाहिला नव्हता. चीज सगळ्यांनी खाल्लं होतं. पण गाणं अजगराचंच.

बाईसाहेब पाचोळा पडायच्या आत गेल्या. त्यांना मूल नव्हतं. नवऱ्याचा पुतण्या ऑर्डमेर वारस म्हणून आला. तरणा, देखणा, कमरेला चांदीच्या मुठीची तलवार. वाईट होता असं मी म्हणत नाही. वाईट असायला आधी समोरचं माणूस दिसावं लागतं. त्याला मेंढ्या दिसल्या, कणग्या दिसल्या, चीजची फळी दिसली. फळीजवळ उभी असलेली बाई त्याने फळीतच धरली.

सेगिथ त्याला भेटायला गेली, ती भांडायला नव्हे. तिचं म्हणणं साधं होतं. मी आता मोकळी आहे, हुन्नाच्या घरामागची झोपडी रिकामी आहे, तिथे राहते. चीज तुमचंच करीन, पण मजुरीने. ताक आणि वर्षाला एक कोकरू द्या. ऑर्डमेरने विचारलं, तुला मोकळं कुणी केलं? तिने सांगितलं. तो हसला नाही, उलट नीट विचार करून बोलला, आणि तेच जास्त लागलं.

"मोकळं माणूस आल्या रस्त्याने परत जातं का? तू त्याच संध्याकाळी परत आलीस. दुसऱ्या दिवशी मेंढ्यांच्या धारा काढल्यास. काकू तापात काहीतरी बरळल्या असतील. तुला स्वतःलासुद्धा ते खरं वाटलं नाही. वाटलं असतं तर गेली असतीस."

"दूध लावलं होतं, मालक."

"तेच म्हणतोय मी. दूध माझं होतं."

त्या दिवसापासून रात्री तिच्या खोलीला बाहेरून अडसर लागू लागला. बाईसाहेबांच्या वेळी तो नव्हता. सेगिथने आरडाओरडा केला नाही. कारभारी शिधा बघायला आला, तेव्हा चीज पुढे ठेवताना तिने तिथेच, ऑर्डमेरदेखत, गाऱ्हाणं मांडलं. कारभारी चावत होता. चावून झाल्यावर म्हणाला, पुढच्या सभेला ये, शपथेला माणसं आण. एवढंच. त्याला तिची दया आली होती असं समजू नका. राजालाही तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण राजाचा हुकूम होता की दर चार आठवड्यांनी शंभर घरांची सभा भरलीच पाहिजे आणि तिथे ज्याचं गाऱ्हाणं असेल ते ऐकलंच पाहिजे. एवढ्या एका हुकुमामुळे ऑर्डमेरला त्या बाईच्या समोर, त्याच गवतावर, उभं राहावं लागणार होतं. मी राजांचा भाट नाही. पण जे चांगलं, त्याला चांगलं म्हणतो.

आता शपथेचं सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलं. आमच्या सभेत कोण खरं, हे कुणी शोधत बसत नाही. हाडाच्या पेटीवर, म्हणजे संताच्या अस्थींवर, हात ठेवून कोण शपथ घेतो ते बघतात, आणि शपथेला वजन असतं. ऑर्डमेरसारख्या सरदाराची एक शपथ म्हणजे सहा शेतकऱ्यांच्या. त्याची जीभ एक, आमच्या सहा; तेवढ्या भरल्या की गाऱ्हाणं खरं. गुलामाच्या जिभेला वजनच नाही. म्हणजे आपण गुलाम नाही हे सांगायचा अधिकार एकट्या सेगिथलाच नव्हता. ही असली अक्कल कुणा गरिबाच्या डोक्यातून निघालेली नाही, एवढं मी पैजेवर सांगतो.

एक सोपी वाट होती. पाद्र्याची शपथ सरदाराच्या बरोबरीची धरतात. पाद्री विस्तान चव्हाट्यावर हजर होता. सेगिथ त्याच्याकडे गेली. तो देवळाच्या छपराला टेकू लावत होता. छप्पर गळत होतं, लाकूड ऑर्डमेरच्या रानातलं यायचं होतं, आणि देऊळही ऑर्डमेरच्याच जमिनीवर. त्याने तिला बसायला सांगितलं, ताक प्यायला दिलं, आणि म्हणाला की त्या दिवशी ऊन डोळ्यांवर होतं, बाईसाहेबांचा आवाज खोल गेलेला, त्याला नीट ऐकू आलं नाही.

"पाद्रीबाबा, तुम्ही आमेन म्हणालात की."

"ते मी दिवसभर म्हणत असतो, पोरी."

ती उठली, भांडं धुऊन पालथं घातलं आणि निघाली.

मग राहिले नांगरे. हुन्नाने आधी डोकं खाजवलं. जमीन ऑर्डमेरची, बैल अर्धे त्याचे, आणि कोंबडीचा विनोद आता ऑर्डमेर सगळीकडे सांगत सुटला होता, की बघा, नांगऱ्यांनासुद्धा ती खुराड्यातलीच वाटली. हुन्ना म्हणत होता, मी बोललोच नाही तर बरं. त्याची बायको एमे चुलीशी होती. तिने मागे न बघता सांगितलं, "हसायला पुढे होतास ना? मग आता बोलायला पण हो पुढे." हुन्ना गेला. एका माणसाला घराबाहेर काढलं की बाकीची दारं उघडतात, बंदही होतात. पाच उघडली, हुन्ना धरून. सहावा बिक्का मिळाला, मधमाश्या पाळणारा म्हातारा; तोही त्या दिवशी चव्हाट्यावर होता. तो म्हणाला, माझं ऑर्डमेर काय काढून घेणार, माश्यांना हुकूम करायला त्याला येतंय थोडंच.

सभा ओकच्या टेकाडावर भरली, निकाल द्यायला तोच कारभारी. हेझलच्या झाडाच्या काठ्या रोवून गोल केला होता. आत मोकळी माणसं, बाहेर घोडी आणि घोडी धरणारे गुलाम. सेगिथला काठ्यांच्या रेषेवर उभं केलं, कारण ती आतली की बाहेरची, तेच ठरायचं होतं. हाडाची पेटी पाद्री विस्तानच्या हातात होती, ते कामच त्याचं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

ऑर्डमेरने शपथ घेतली. काय सुंदर घेतली. शब्द गारगोटीसारखे एकामागून एक. ज्या प्रभूपुढे हे हाड पवित्र आहे त्याची शपथ, मी सांगतो यात कपट नाही, फसवणूक नाही, ही बाई माझी आहे. कुठे अडखळला नाही. खोटं पाठ करायला सोपं जातं, त्याला काही आठवावं लागत नाही.

मग हुन्ना. त्याचा घाम पेटीवर पडला, पण शब्द बरोबर आले. जसं माझ्या डोळ्यांनी पाहिलं, जसं माझ्या कानांनी ऐकलं, तसंच. मग दुसरा, तिसरा. पाचही जणांनी म्हटलं. ऑर्डमेर एकेका चेहऱ्याकडे बघून घेत होता, नंतर ओळखता यावेत म्हणून. एकाचाही आवाज खाली गेला नाही.

शेवटी बिक्का पुढे आला. त्याने हात ठेवला, आणि म्हणाला की जसं माझ्या डोळ्यांनी पाहिलं, जसं माझ्या कानांनी ऐकलं, आणि तिच्या कोपरापर्यंत दुधाचे फेसाळ डाग होते, ते मला चांगलं आठवतंय, बिचारी तशीच उठून आली होती.

कारभाऱ्याची मान वर झाली.

शपथेचे शब्द ठरलेले. एक कमी नाही, एक जास्त नाही. जास्त झाला तरी शपथ फुटते, मडकं फुटावं तशी. बिक्काला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण हात हाडावर ठेवल्यावर त्याला तो दिवस खरोखर दिसला असेल, आणि दिसलं ते त्याने सांगितलं. सोळा शब्द खरे जास्त बोलला म्हणून म्हातारा खोटा ठरला.

"फुटली," कारभारी म्हणाला. त्याला मजा वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. पाच म्हणजे सहा नव्हेत. बिक्का हात पेटीवरून काढेचना, हुन्नाने त्याला धरून मागे नेलं.

ऑर्डमेरने हातमोजे चढवले. कारभाऱ्याने नेमाप्रमाणे विचारलं, बाईला आणखी काही म्हणायचंय?

"लोखंड धरते," सेगिथ म्हणाली.

म्हणजे देवळात लाल तापवलेलं लोखंड हातात घेऊन चालायचं. मग हात बांधतात. सोडल्यावर जखम स्वच्छ असली तर देव तिच्या बाजूचा, चिघळली असली तर नाही. ज्या हाताने ती आयुष्यभर दही दाबत आली, तोच हात. एमे मागून म्हणाली, "नको गं बये." कारभाऱ्याने मान हलवली, चालेल म्हणून.

सेगिथ पाद्र्याकडे वळली.

"पाद्रीबाबा, लोखंडावर प्रार्थना तुम्हीच म्हणणार ना?"

"मीच."

"काय असतं त्यात?"

पाद्र्याने ओठ ओले केले. "देवाला विनवायचं. खरं काय ते तू दाखव म्हणून."

"तुम्हाला ठाऊक आहे ते त्याला कशाला विचारता?"

ती चिडून बोलली नव्हती. खरोखरच विचारत होती. मी अनेक सभा पाहिल्या, तलवारीवर हात गेलेलेही पाहिले. इतकं धीट वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, आणि ते जिच्या जिभेला वजन नाही तिने म्हटलं होतं.

विस्तानने पेटी हुन्नाच्या हातात दिली. आपला हात पेटीवर ठेवला, आणि शपथ म्हणायला लागला. वाईट म्हटली. आवाज चिरकला, मध्ये श्वास घ्यावा लागला. पण शब्द सगळे होते आणि जास्त एकही नव्हता.

ऑर्डमेर म्हणाला, "तुझ्या छपराचं लाकूड विसर." पाद्री म्हणाला, विसरलो. त्या हिवाळ्यात देवळात बर्फ पडला, आणि वसंतात तिथे दुसरा पाद्री आला. हुन्नाला पुढच्या वाटपात नदीकाठचं चिखलाचं रान मिळालं. हे सगळं नंतर झालं, आणि होणार हे त्या गवतावरच सगळ्यांना कळलं होतं. तरी हुन्नाने पेटी घट्ट धरली होती.

कारभाऱ्याने हिशेब मनातच केला. पाद्री म्हणजे सरदाराच्या बरोबर, वर पाच शेतकरी. "बाई मोकळी," तो म्हणाला. डुक्कर लठ्ठ आहे म्हणावं, त्या आवाजात. मग राजाच्या चीजचं काय, असं ऑर्डमेरने विचारलं. कारभारी म्हणाला, ते तिला विचारा. सेगिथ म्हणाली, उद्या बोलू.

पुढचं गाऱ्हाणं लगेच सुरू झालं. दोन भावांचं भांडण, कुंपणाच्या एका बाजूचं. सेगिथ काठ्या ओलांडून आत आली. कुठे बसावं ते तिला कळेना. एमे जरा सरकली, तशी ती गवतावर टेकली आणि कुंपणाचं सगळं भांडण कान देऊन ऐकू लागली, जणू ते तिच्याच घराचं होतं.

भांडण संपलं. कारभाऱ्याने निकाल सांगितला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, सभेला मान्य आहे?

आम्ही सगळे एकदम "हो" म्हणालो. कारभारी पुढचं नाव घ्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आणखी एक "हो" आला. उशिरा, एकटा, थोडा मोठ्याने. दोन-तीन माना वळल्या. कारभारी थांबला, त्या दिशेला बघून त्याने मान हलवली, आणि मग पुढचं नाव घेतलं.