ब्राह्मीचं नाव

ज्या कंपनीला मी दोन वर्षं 'आमची कंपनी' म्हणत होतो, त्या पुण्यातल्या बड्या सॉफ्टवेअर कंपनीत ओळखपत्राच्या फितीवरून माणूस ओळखला जायचा. कायम नोकरीवाल्यांची फीत निळी, आम्हा कंत्राटी लोकांची हिरवी. काम तेच, खुर्ची तीच, चहासुद्धा एकाच यंत्रातला. पण माझा पगार एक एजन्सी द्यायची आणि कंत्राट वाढतंय की नाही, याची दर सहा महिन्यांनी धाकधूक असायची.

पलूसला घरी मी फितीचा रंग कधी सांगितला नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा विचारलं, "कायम हाय न्हवं?" मी म्हटलं, "व्हय." विषय संपला. कंपनीनं टी-शर्ट वाटले तेव्हा हिरव्या फितीला एकही आला नाही. शेजारच्या टेबलावरच्या अंकिताची फीत निळी. तिला दोन मिळाले होते, त्यातला एक तिनं मला दिला. तो मी अण्णांना नेऊन दिला. अण्णा तो घालून द्राक्षबागेत फिरायचे, मंदिराच्या कट्ट्यावर बसायचे आणि कोणी न विचारताच पोराची नोकरी सांगायचे. तेव्हा मला गंमत वाटायची. आता तो टी-शर्ट दोरीवर वाळत असला तरी बघवत नाही.

ब्राह्मी माझी चुलतबहीण, सांगलीजवळ माधवनगरला राहते. माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि, खोटं कशाला बोलू, माझ्याहून हुशार. गेल्या डिसेंबरात तिनं फोन केला.

"दादा, तुमच्यात जागा निघाल्यात. आतल्या माणसानं नाव टाकलं तर मुलाखतीला बोलावत्यात म्हणं. टाकशील माझं?"

नाव टाकायचा अधिकार निळ्या फितीला. माझ्या कॉम्प्युटरवर ते पान उघडतसुद्धा नव्हतं. 'अगं, मीच तिथं तात्पुरता हाय' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं, "टाकतो की. त्यात काय!"

अंकिताला सांगितलं असतं तर तिनं दोन मिनिटांत नाव टाकलं असतं. पण मग तिनं ब्राह्मीला फोन केला असता, बोलता बोलता माझं कंत्राट निघालं असतं आणि संध्याकाळपर्यंत ते अण्णांच्या कट्ट्यावर पोचलं असतं. म्हणून मी गप्प बसलो. कामात होतो, विसरलो, असली कारणं मला देता येत नाहीत. मी चांगला विचार करून गप्प बसलो.

जानेवारीत ब्राह्मीला सांगलीतल्या एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी लागली, कायमची. सोमवारी हजर व्हायचं होतं. शनिवारी तिचा फोन आला.

"दादा, बँकेला काय सांगू? बाबा म्हणत्यात घे. पण तुमच्याकडनं बोलावणं येणार असंल तर मी थांबते. तू सांगशील तसं."

'घे ती नोकरी' म्हणालो असतो, तर तिनं लगेच विचारलं असतं, का, नाव टाकलं न्हाईस? तो प्रश्न मला नको होता. "थांब की जरा," मी म्हणालो, "बँकेचं काय एवढं!"

ती थांबली. बँकेतली जागा दुसऱ्या कोणाला तरी गेली.

मार्चमधल्या एका सोमवारी मी दाराला ओळखपत्र लावलं, तर दार उघडेना. कंत्राट संपल्याचा मेल एजन्सीनं शुक्रवारी रात्री पाठवला होता, तो मी बघितलाच नव्हता. वॉचमननं फीत काढून घेतली आणि वहीत सही करायला सांगितली. तेव्हापासून मी पलूसला आहे. घरून काम चाललंय असं घरच्यांना सांगतो आणि दार लावून अर्ज पाठवत बसतो.

पर्युषण संपलं की आम्हा जैनांमध्ये क्षमावाणीचा दिवस येतो. वर्षभरात कळत-नकळत कोणाला दुखावलं असेल, तर हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं. काय चुकलं ते कोणी सांगत नाही, कोणी विचारतही नाही. दरवर्षी मी एकच मेसेज सगळ्या नातेवाइकांना ढकलून मोकळा होतो. यंदा मात्र ठरवलं होतं, ब्राह्मीला समोर बसवून सगळं सांगायचं. माधवनगरला जाईपर्यंत गाडीवर मनातल्या मनात घोकत होतो.

ती ओसरीवर मुलींची शिकवणी घेत होती. मला बघून उठली आणि मी तोंड उघडायच्या आत तिनंच हात जोडले.

"उत्तम क्षमा, दादा. औंदा खरंच मागते हं, म्हणायचं म्हणून न्हाई. मी तुझ्यावर लय राग धरला होता. वाटलं, ह्यानं नाव टाकलंच न्हाई. आईजवळ काय काय बोलले तुला. आई म्हणाली, आपला माणूस असं कशाला करंल? तवा माझं मला कळलं. मीच कमी पडले असंन."

तिनं अगदी खरं ओळखलं होतं, आणि ते ओळखल्याबद्दल ती माझी क्षमा मागत होती. घोकलेलं सगळं ओठांवर आलं होतं. काकू आतून चहा घेऊन येत होती, मुली टकामका बघत होत्या. मी हात जोडले आणि "उत्तम क्षमा" म्हटलं. सगळे म्हणतात तसंच.

ब्राह्मीनं डोळे पुसले. तिच्या मनावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. आपण कमी पडलो, हे मात्र तिनं मनाशी पक्कं धरलं होतं, आणि ते खोटं आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

निघताना ती फाटकापर्यंत आली.

"परत जागा निघाल्या तर टाकशील न्हवं माझं नाव?"

"टाकतो की," मी म्हणालो.