पाय ब्रेकवरच होता

“पेडल खाली जातंय,” सून दारातूनच म्हणाली. “चौकात उतारावर पाय दाबून उभी होते, तरी हळूहळू खाली जात राहिलं. गाडी पुढच्याच्या अंगावर जाणार, तेवढ्यात हँडब्रेक ओढला म्हणून वाचले.”

तिच्या नवऱ्याने हातातला चहा अर्धाच टाकला. तो गॅरेजवाला होता. सुट्टीचा दिवस असूनही जॅक घेऊन तो तडक अंगणात उतरला. त्याच्या गॅरेजात एक दंडक होता आणि तो त्यानेच घालून दिला होता: गाडी घेऊन येणारा माणूस जे सांगेल त्यावर वाद घालायचा नाही, ते प्रथम खरे धरायचे, आणि खोटे ठरवायचेच असेल तर ते गाडीच्या तोंडून ठरवायचे.

“माझ्या एका वाक्यावर उठलात,” सून त्याच्या मागोमाग येत म्हणाली. “बाबांनीही हेच सांगितलं होतं. अगदी हेच.”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

“काय वेगळं होतं? सांगणारा?”

त्याने जॅकचा दांडा फिरवायला सुरुवात केली.

बाबांनी उभे आयुष्य टॅक्सी चालवण्यात घालवले होते. स्टँडवर त्यांना उस्ताद म्हणत. काम सोडल्यावर तीच गाडी पाटी उतरवून, नवा रंग देऊन त्यांनी घरी आणली. घरात तिला म्हातारी म्हणत, आणि “म्हातारीला ऊन दाखवून आणतो” असे सांगून बाबा रोज सकाळी तिला बाहेर काढत. गेल्या हिवाळ्यात ती गल्लीच्या तोंडाशी शेजारणीच्या कुंड्यांवर गेली. कुंड्यांच्या पलीकडे शेजारणीची नात खेळत होती. तिला खरचटलेसुद्धा नाही. बाबा गाडीतून उतरले. “पाय ब्रेकवरच होता,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “पेडल खाली गेलं रे.” शेजारीण म्हणाली, या वयात ब्रेक समजून भलतंच दाबलं जातं माणसाकडून. मुलगा गाडीत बसला, पेडलवर दोन-तीनदा पटापट पाय मारला. पेडल घट्ट लागले. “ब्रेक ठणठणीत आहे, बाबा,” त्याने सर्वांदेखत निकाल दिला आणि किल्ली खिशात टाकली. तेव्हापासून म्हातारी आच्छादनाखाली उभी होती. आज सुनेची स्कूटर रुसली म्हणून म्हातारीवरचे कापड निघाले, एवढेच.

आता मात्र तो रीतसर तपासू लागला. ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ होती; म्हणजे ऑइल बाहेर गळत नव्हते. तरी त्याने चारही चाकांच्या आतून बॅटरीचा उजेड फिरवला, रबरी नळ्या बोटांनी चाचपल्या. सगळे कोरडे. मग त्याने बायकोला सीटवर बसवले.

“दाब. एकदाच दाब, आणि धरून ठेव.”

“धरलंय.”

“आता?”

“जातंय खाली. सावकाश. चिखलात पाय रुतावा तसं.”

“सोड. आता पटापट दाबून बघ.”

“अगं बाई, आता घट्ट लागतंय! हिचं हे काय नाटक?”

त्याने हातातले फडके खाली ठेवले. पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारी जी ओतीव नळी असते, मास्टर सिलिंडर, तिच्या आतला रबरी वायसर फाटला की ऑइल बाहेर न सांडता आतल्या आत मागे निसटते. पटापट पाय मारला तर त्याला निसटायला सवड मिळत नाही, आणि सारे ठीक असल्याचा भास होतो. पाय धरून ठेवला तरच दोष उघडा पडतो. गॅरेजात काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो हे अगदी सुरुवातीलाच शिकवी. कुंड्यांच्या ढिगाऱ्यापाशी, माणसे जमलेली असताना, बापाच्या बाबतीत मात्र त्याला तपासण्यापेक्षा मोकळे होण्याची घाई अधिक होती.

सिलिंडर काढून त्याने बाकावर उघडला, तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. पेडल दाबले की वायसरसकट नळीत पुढे सरकणाऱ्या दट्ट्याची रोजची फेरी जेवढी, तेवढी नळी आतून आरशासारखी लखलखीत होती. त्यापुढे, जिथे दट्ट्या एरवी कधी पोहोचतच नसे, बारीक गंज धरला होता, आणि वायसरची कड नेमकी त्या गंजावर कापली गेली होती. कोणीतरी पेडल थेट तळापर्यंत दाबले होते. इतक्या जुन्या गाडीत ते दाबायचे नसते.

कोणी, हे शोधायला लांब जावे लागणार नव्हते. त्या हिवाळ्याच्या तोंडावर म्हातारीचे ब्रेक ऑइल त्यानेच बदलले होते, जुने ऑइल बाहेर ढकलायला बाबांना पेडलवर बसवून. बाबा बसण्याआधी पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवू लागले होते. पेडल तळाला जाऊ नये म्हणून तो ठेवायचा, ही त्यांची टॅक्सीच्या दिवसांपासूनची रीत.

“काढा हो तो, बाबा. ही काय डुगडुगणारी खुर्ची आहे टेकू द्यायला?” तो म्हणाला होता. नव्या गाड्यांत असल्या ठोकळ्यावाचून अडत नसे, आणि अलीकडे त्याच्या हाताखालून नव्याच गाड्या जात.

“बरं, साहेब,” बाबा हसून म्हणाले होते. “तुमचं गॅरेज, तुमचा कायदा.” आणि त्याने सांगितले तसे, पेडल त्यांनी पार तळापर्यंत दाबले होते.

“कळलं का काय झालंय?” बायकोने विचारले.

“कळलं.” त्याने तिला वायसर दाखवला, आणि ठोकळ्याचीही गोष्ट सांगितली.

“मग जा, सांगा त्यांना.”

“आधी गाडी नीट करतो.”

“गाडी कुठे पळून चाललीय?”

तरी त्याने आधी गाडीच केली. नवा सिलिंडर आणून बसवला, पेडलखाली ठोकळा ठेवला, आणि एकेका चाकाच्या ब्रेकच्या नळीत अडकलेली हवा काढली. “दाब. धर. सोड.” पूर्वी असे काम निघाले की बाबा खिडकीतून अखंड सूचना देत, तो वैतागे, आणि त्याच्या वैतागण्याने त्यांना आणखी चेव येई. आजही ते खिडकीशीच बसले होते. मात्र त्यांचे तोंड भिंतीकडे होते.

हात धुऊन तो आत गेला आणि उभ्याउभ्याच सगळे सांगितले. ठोकळा, वायसर, गंज, आपण मारलेले ते पटापट पाय.

“म्हणजे पाय ब्रेकवर होता?” बाबांनी विचारले.

“होता, बाबा.”

“नक्की?”

“नक्की. चूक माझी. आधीही आणि नंतरही.”

बाबा आपल्या उजव्या पायाकडे पाहत राहिले. “मला वाटत होतं, होता म्हणून. तू म्हणालास ब्रेक ठणठणीत आहे. तू यातला जाणता. म्हटलं, मग नसेल आपला पाय. पुढे गॅस बंद केला की परत उठून बघायला लागलो. कडी लावली की परत बघायला लागलो. तुझी आई असती तर म्हणाली असती, यांना भूत लागलं.”

“शिव्या द्या मला.”

“देईन. सवडीने देईन.”

त्याने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. बाबांनी ती घेतली, याचाच त्याला केवढा आधार वाटला. ते गाडीत बसले, मुलगा शेजारच्या सीटवर बसला. पेडल दाबून ते कितीतरी वेळ धरून राहिले. “घट्ट आहे,” ते म्हणाले.

“उस्ताद, सवारी बसलीय,” मागच्या सीटवरून सून म्हणाली. “मीटर टाका.”

बाबा हसले. गाडी फाटकाबाहेर पडली, कुंड्यांपाशी आली, त्या ओलांडून पुढे गेली, आणि मुलगा सीटला मागे टेकला. तेवढ्यात बाबांनी ब्रेक लावला. म्हातारी जागच्या जागी उभी राहिली. समोरची गल्ली वळणापर्यंत मोकळी होती.

“काय झालं, बाबा?”

“काही नाही. थांबते का, बघितलं.”

“थांबली ना?”

“थांबली.”

थोडे पुढे जाऊन ते पुन्हा थांबले. मग पुन्हा. त्यानंतर त्यांनी हँडब्रेक ओढला, दार उघडले आणि बॉनेटला हात टेकत, पाऊल जपून टाकत, ते वळसा घालून मुलाच्या दाराशी आले.

“तू घे आता,” ते म्हणाले. “ब्रेक झकास झालाय.”

“आणखी थोडं चालवा. वळणापर्यंत तरी.”

“उद्या बघू,” बाबा म्हणाले. दूरचे भाडे नको असले की ज्या अदबीने ते गिऱ्हाइकाला परत पाठवत, तीच अदब त्यांच्या आवाजात होती. मुलगा सीट रिकामी करीपर्यंत ते दार धरून उभे राहिले.